अण्णांचं गाणं वाजतंय, नाव गळलंय. पुस्तक काढू की बाक देऊ?

लोकमान्यनगरवाली
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा शिमग्यानंतर गेले. मूळचे संगमेश्वरकडचे, वागळे इस्टेटमध्ये फिटर, पण लोकमान्यनगरात सगळे हाक मारायचे ‘शाहीर’ म्हणूनच. कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या नाचात दोन पक्ष समोरासमोर गातात, शक्तीवाले आणि तुरेवाले; अण्णा तुरेवाले. गणपती आले की रजा टाकून गावी, पायात चाळ, आणि समोर शक्तीवाल्यांचा तगडा नाच असला की रात्र पुरायची नाही. गाणी स्वतः लिहायचे. कंपनीच्या जॉबकार्डांच्या कोऱ्या पाठीवर, पेन्सिलीने. कोपऱ्यात ‘चाल:’ लिहून कुठल्या सिनेमातलं गाणं तेही. शेवटच्या कडव्यात आधी गुरूचं नाव, मग स्वतःचं. ते नाव आलं की ढोलकीवाला मुद्दाम एक जादा थाप मारायचा.

यंदा गौरीच्या आदल्या रात्री यूट्यूबवर एका मंडळाचा नाच बघत होते. गवळण अण्णांची, शब्दन् शब्द त्यांचा. आणि शेवटच्या कडव्यात नाव भलत्याच शाहिराचं! मात्रा भरेना म्हणून पुढे ‘हो जी’ चिकटवलेलं. खाली कमेंट, ‘काय लिवलंय शाहीर, तोड नाय.’ रडू नाही आलं, डोकंच फिरलं.

आता घणसोलीचा भाऊ म्हणतो, बागेत ग्रॅनाइटचा बाक देऊ, वर नाव कोरून. मी म्हणते पुस्तक. एका प्रकाशकाने ५०० प्रती स्वतः घ्याव्या लागतील असं सांगून जो आकडा टाकला, त्याने भावाची बाजू बळकट झाली. आई म्हणते, गाणं वाजतंय ना, मग झालं की. कोणी असं काही केलंय का?

विंगेतला_माणूस
ताई, आईंचं म्हणणं एकदम उडवून लावू नका. आपण गडकरी रंगायतनच्या दारात बटाटेवडा खातो, पण ‘एकच प्याला’तली पदं गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं, बालगंधर्वांच्या सिंधूला लोकांनी डोक्यावर घेतलं. गुर्जरांचं नाव किती जण घेतात? बरं, ते लांबचं झालं. पी. सावळाराम तर आपल्या ठाण्याचे नगराध्यक्ष होते. पाठवणीला बँडवाला ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ वाजवतो तेव्हा मांडवात विचारून बघा गाणं कोणाचं. लताबाईंचं! त्यांच्या नावाचा पुरस्कार महापालिका देते म्हणून निदान त्या दिवशी पेपरात नाव येतं.
उलटंही होतं म्हणा. कोणाकोणाचे अभंग ‘तुका म्हणे’ लावून तुकोबांच्या खात्यावर जमा झालेत. मोठ्या नावाकडे गाणी आपोआप जातात, लहान नावावरची सुटतात. तुमच्या गवळणीचं तेच झालं असणार.

वाशीचा_भटक्या
बाकाला हसू नका. कान्हेरीला कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं दान दिल्याचा लेख आहे. राजाबिजा नव्हे, सोनार. आज आपण रविवारी तिथे जाऊन त्याची आठवण काढतो. पण त्याने कातळ धरला होता आणि तिथे सुशोभीकरणाचं टेंडर निघत नव्हतं. आमच्याकडच्या एका बागेत माझ्या सासऱ्यांच्या नावाचा बाक होता. बाग नवी केली, बाक गेला. कुठे गेला ते अजून कोणी सांगत नाही. द्यायचाच तर लोक टेकतील म्हणून द्या.

निवृत्त_ग्रंथपाल
५०० प्रती अजिबात छापू नका, पलंगाखाली वाळवी लागेल. मागणीनुसार छापणारे आता आहेत, शंभरात भागतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, स्वतः अर्ज करून फुकट मिळतो, त्याचे पैसे कोणी मागितले तर उठून यावं. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक पाठवायची असते. लहान प्रकाशक सर्रास टाळतात. तुम्ही टाळू नका, सांभाळण्याची जबाबदारी सरकारवर जाते. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयालाही द्या. १८९३ ची संस्था आहे, आपल्या पुढच्या पिढ्यांपेक्षा तिचा भरवसा जास्त.
हक्काचं म्हणाल तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट वारसांकडे असतो, आणि रचना त्याचीच म्हणून नाव लावून घेण्याचा हक्क वेगळा आहे (१९५७ चा कायदा, कलम ५७). मात्र आधी त्या मंडळाला फोन करा. वकील नंतर.

जळगावची_लेक
बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेवांनी आणि मावसभावाने लिहून ठेवली म्हणूनच १९५२ ला पुस्तक आलं ना? काढाच तुम्ही.

विंगेतला_माणूस
खरंय, पण सोपानदेव स्वतः कवी होते आणि वही अत्र्यांच्या हातात पडली. तो योग सगळ्यांना नसतो.

शक्तीवाला_चिपळूण
आम्ही तुमच्या अण्णांच्या समोरचे, तरी सांगतो. दुसऱ्याचं कडवं तोडून आपलं नाव घालणं आमच्यात पण वाईटच. गुरूचं नाव काढणं त्याहून वाईट. पण ताई, नुसतं छापलेलं पुस्तक घेऊन कोण नाचणार? कोपऱ्यातल्या सिनेमाच्या गाण्यावरून चाल कळते, पण शाहिरानं ती कुठं मोडली, कुठं झील धरायला थांबला, ते कागदावर नाय. कोरसवाले, ढोलकीवाले हयात आहेत तोवर गाऊन घ्या. मोबाइलवर चालेल. आणि नावाच्या कडव्यासकट यूट्यूबवर टाका, म्हणजे पुढच्या गणपतीत पोरं तेच पाठ करतील. पोरं वही नाय, व्हिडिओ बघून शिकतात.

लोकमान्यनगरवाली
सगळ्यांचे आभार. ढोलकीवाले काका किसननगरलाच राहतात, रविवारी भावाला घेऊन जातेय. म्हणाले, हात थरथरतो पण ती जादा थाप मारीन. बाकाचे पैसे भाऊ रेकॉर्डिंगला द्यायला तयार आहे, तोंड वाकडं करून का होईना. मंडळाला फोन केला. ते शाहीर म्हणाले, त्यांना ही गवळण त्यांच्या गुरूंकडून मिळाली, अण्णांचं नावही कधी ऐकलं नव्हतं. खोटं बोलत नसावेत. जॉबकार्डाचा फोटो पाठवलाय.
ग्रंथपालकाका, अजून एक विचारायचंय. पेन्सिल पुसट झालीय. स्कॅन करताना काळोख वाढवून अक्षर उठतं का, की आधी हाताने उतरवून काढू?