अनुभव धागा: पुस्तकात घरचंच काही सापडलं का?

मागच्या महिन्यात माळा आवरताना लक्षात आलं, गेल्या दहा-बारा वर्षांत मी कादंबऱ्या जवळजवळ सोडल्यात. घेतलेली पुस्तकं सगळी अर्थकारण, इतिहास, संस्कृती या खात्यातली, आणि त्यातली निम्मी अर्धवट. खुणेला घातलेली बसची तिकिटं चाळिसाव्या-पन्नासाव्या पानावर पिवळी पडलीत. जी पुरी झाली ती का झाली, तर त्यांत कुठेतरी आमचं घर निघालं.

म्हणून हा धागा. अलीकडचं एखादं कथेतर पुस्तक सुचवा. सारांश नको, ते हल्ली फुकट मिळतात. वाचताना कुठे थबकलात तेवढं सांगा. मराठी, इंग्रजी, अनुवाद, काहीही चालेल.

माझं पुस्तक: चिन्मय तुंबे यांचं 'इंडिया मूव्हिंग' (२०१८), भारतातल्या स्थलांतराचा इतिहास. लेखक अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकवतात, तरी पुस्तक मास्तरकी करत नाही. शंभराहून जास्त वर्षं या देशात एक मोठं स्थलांतर चालू आहे आणि त्याची ठेवण ठरलेली आहे, असं ते दाखवतात. जाणारे बहुतेक पुरुष, कायमचे न जाणारे, गावी पैसे पाठवणारे. असे पुरुष पाठवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीचं नाव आलं आणि मी पुस्तक मिटून आईला फोन लावला.

आमचे आजोबा परळच्या गिरणीत, साचे खात्यात, म्हणजे मागांवर. आजी संगमेश्वरजवळ गावी. मनीऑर्डर आली की पोस्टमन ओटीवर बसायचा, आजीचा अंगठा घ्यायचा आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावरचा आजोबांचा दोन ओळींचा मजकूर वाचून दाखवायचा. नवऱ्याचा निरोप परक्या माणसाच्या तोंडून, तोही अंगणात चार बायका उभ्या असताना. आजीला अक्षर वाचता येत नव्हतं. आई म्हणाली, तिने शेवटपर्यंत त्यातला एकही तुकडा टाकला नाही. मी लहानपणापासून हे आमच्या घरचं दुर्दैव समजत आले. तो अख्ख्या किनारपट्टीचा हिशेब निघाला.

उपकेंद्रवाली

मी आरोग्यसेविका. अख्खं इंग्रजी पुस्तक वाचायचा दम माझ्यात नाही. लेकीने 'पुअर इकॉनॉमिक्स' संध्याकाळी मी भाजी निवडताना वाचून दाखवलं, तिचं तिचं मराठी करत. लिहिणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, २०१९ चं नोबेल मिळालेले. पुस्तक २०११ चं.

त्यात उदयपूरकडच्या खेड्यांची गोष्ट आहे. लसींचे सगळे डोस पुरे झालेली मुलं शंभरात जेमतेम सहा. एका संस्थेने ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरवलं, तर आकडा जवळपास तिप्पट झाला. मग काही गावांत दर टोच्याला किलोभर डाळ, आणि सगळे डोस झाले की स्टीलची ताटं. आकडा ३८ च्या आसपास गेला.

मला रागच आला. पोरगं तुमचं, टोचतो आम्ही, वर डाळ पण आम्हीच द्यायची? लेकीने पुढचं वाचलं: डाळ देऊनही दर मुलामागे खर्च कमीच आला, कारण बायका आल्या नाहीत तरी नर्सचा पगार चालूच असतो. मी गवारीची शेंग हातात धरून गप्प.

आमच्याकडे कोणी तोंडावर 'नको' म्हणत नाही. 'पुढच्या वेळी आणते' म्हणतात. टोचल्यावर पोर रात्रभर किरकिरतं आणि सकाळी आईला सोयाबीन काढायला जायचं असतं. पुढच्या वेळी मी व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला अडकवून जाते तर दाराला कडी. इतकी वर्षं मी त्यांना अडाणी धरत होते. लेखक म्हणतात, त्रास आज आणि फायदा उद्या असला की शिकलेलेही पुढे ढकलतात. माझी स्वतःची साखर तपासायची दोन महिने राहिली आहे, हे लेकीने तिथल्या तिथे ऐकवलं.

एवढं मात्र लेखकांना विचारायचंय: त्या ताटांचं रजिस्टर कोणी भरायचं?

उरणकर

नियमात बसत नाही, मूळ पुस्तक २००६ चं आहे. पण सुधारित आवृत्ती २०१६ ची, म्हणून घुसवतो. मार्क लेव्हिन्सन यांचं 'द बॉक्स'. विषय कंटेनर. बायको म्हणाली, दिवसभर तेच बघता, रात्रीपण तेच?

मी न्हावा-शेव्याच्या बंदरात सीएचएकडे, म्हणजे मालाची कस्टमची कागदपत्रं करणाऱ्या एजंटाकडे कामाला. बिल ऑफ एन्ट्री, डिलिव्हरी ऑर्डर, ट्रेलरची रांग. हे सगळं कुठून सुरू झालं असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं. २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत न्यूअर्कच्या धक्क्यावर एका जुन्या तेलवाहू जहाजावर ५८ डबे चढवले आणि ते ह्यूस्टनला उतरले. ही युक्ती जहाजवाल्याची नव्हे, मॅल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याची. सुटा माल चढवायला टनाला पाच डॉलरच्या वर लागायचे, ते १६ सेंटांच्या आत आलं. भाव पाडणं काय ते यावरून कळतं!

वडील मुंबई गोदीत होते. टोळीने काम, गोण्या हुकाने ओढायच्या. उजव्या तळव्यावरचा घट्टा अजून जात नाही. १९८९ ला इकडचं बंदर सुरू झालं. वडिलांच्या पाळ्या कमी होत गेल्या आणि काही वर्षांनी मी याच बंदरावर लागलो. घरात यावर कधी बोलणं झालं नाही. त्यांना मॅनहॅटनचा भाग सांगितला, की धक्के ओस पडले आणि काम पाण्यापलीकडे न्यू जर्सीला गेलं. ते म्हणाले, "म्हंजी आपला उरणच की."

अर्धवटराव

मी पाप कबूल करतो. टोमास पिकेटी, 'कॅपिटल इन द ट्वेन्टी-फर्स्ट सेंच्युरी'. ठोकळा. २०१४ साली एका अमेरिकन गणितज्ञाने किंडलवरच्या अधोरेखनांवरून गमतीने हिशेब मांडला होता, लोक कुठलं पुस्तक कुठवर वाचतात याचा. पिकेटी तळाला, सव्विसाव्या पानाशी. मी एक्केचाळिसावर आहे, म्हणजे बराच पुढे. मुद्दा तेवढ्यात कळला: भांडवलावरचा परतावा वाढीच्या दरापेक्षा जास्त राहिला की वडिलोपार्जित इस्टेट कमाईला मागे टाकते. बाबांनी १९८५ ला घेतलेल्या फ्लॅटची आजची किंमत आणि माझा पंचवीस वर्षांचा पगार शेजारी मांडले की तेच उत्तर येतं, फुकटात.

आणि सगळे इंग्रजीच काय सुचवताय? गिरीश कुबेरांचं 'हा तेल नावाचा इतिहास आहे' मी दोन रात्रींत संपवलं होतं. जुनं आहे, माहितीय. तरी.

कुंडलकडची

पी. साईनाथ, 'द लास्ट हीरोज' (२०२२). स्वातंत्र्यलढ्यातल्या साध्या माणसांच्या मुलाखती. त्यात क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक हौसाबाई आहेत. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचं सोंग केलं, पोलीस भांडण सोडवायला आले आणि तेवढ्यात साथीदारांनी ठाण्यातल्या बंदुका पळवल्या. मारणाऱ्याने जरा जास्तच जोरात मारलं, ही त्यांची तक्रार नव्वदी ओलांडल्यावरही कायम!

मी थबकले ती शेणोलीपाशी. ७ जून १९४३ ला नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने तिथे पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली. त्या सेनेतले कॅप्टन भाऊ लाड पुस्तकात 'लुटली' म्हणू देत नाहीत. इंग्रजांनी आपल्या लोकांचा चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असं त्यांचं म्हणणं. किर्लोस्करवाडीहून कराडला मी तीन वर्षं पास काढून कॉलेज केलं. शेणोली म्हणजे माझ्यासाठी क्रॉसिंगला गाडी पडून राहायची ती कंटाळवाणी जागा. तीन वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

म्हापशेकर

संस्कृतीवाले कोणी दिसेनात, म्हणून नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट', मुंबईतल्या जॅझचा इतिहास. आमच्या गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ तिकडे चिक चॉकलेट झाला, त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. चर्चच्या शाळेत सुरांची लिपी शिकलेली पोरं मुंबईला जाऊन धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गोव्यातल्या गावागावांनी चालवलेल्या वसतिगृहांत राहायची, रात्री हॉटेलात वाजवायची आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या गाण्यांत. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) चिकचा बँड पडद्यावरही दिसतो, झालरीचे शर्ट घालून. वाचून झाल्यावर शेजारच्या फर्नांडिस आजोबांना विचारलं, तुम्ही तिकडे नेमकं काय वाजवायचात? ट्रम्पेट, म्हणाले. चाळीस वर्षं आम्ही त्यांना फक्त दुर्वांच्या वाफ्यावर कुत्रा सोडतात म्हणून ओळखत होतो.

धागाकर्ती

म्हापशेकर, आजोबांकडून गाण्यांची यादी घ्या आणि इथेच टाका. उपकेंद्रवाली ताई, साखर तपासली का?

उपकेंद्रवाली

तपासली. आकडा धाग्यावर नाही सांगणार.