'कमिशनिंग'ला मराठीत काय म्हणावं? (प्राथमिक आरोग्यसेवेच्या संदर्भात)

ऑस्ट्रेलियातल्या प्राथमिक आरोग्यसेवेवरचा एक मजकूर मराठीत करतेय. 'कमिशनिंग' दर दोन ओळींनी येतंय आणि मी तिथेच अडकलेय. 'कमिशन' म्हटलं की आपल्याला दलाली आठवते नाहीतर आयोग, जहाजाचं कमिशनिंग असतं तर 'ताफ्यात दाखल करणे' लिहून मोकळी झाले असते. 'सेवाखरेदी' चालेल का?

---

सेवाखरेदी नको. खरेदी हा त्यातला एक तुकडा झाला. तिकडे १ जुलै २०१५ पासून प्रायमरी हेल्थ नेटवर्क नावाच्या ३१ प्रादेशिक संस्था आहेत, त्या शक्यतो स्वतः दवाखाने चालवत नाहीत. आधी आपल्या भागात कोण राहतं, कुठले आजार जास्त आहेत, डॉक्टर किती लांब आहे, कुठली सेवा मुळातच नाही हे सगळं तपासायचं, मग त्यावरून सेवा कशी हवी ते ठरवायचं, ती देणारी संस्था शोधून करार करायचा आणि नंतर लोकांना खरंच फायदा झाला का ते बघून पुढच्या वेळी बदल करायचा, हे सगळं मिळून कमिशनिंग. खरेदी म्हटलं की गरज तपासणं गायबच होतं, आणि माझ्या मते जीव त्यातच आहे.

---

इंग्लंडमध्येही हाच शब्द आहे. २०१३ ते २०२२ तिथे हे काम करणाऱ्या क्लिनिकल कमिशनिंग ग्रुप नावाच्या स्थानिक संस्था होत्या, आता त्यांचं काम इंटिग्रेटेड केअर बोर्डांकडे आहे.
'सेवायोजन' कसा वाटतो?

---

सेवायोजन म्हणजे नोकरी लावून देणं, तो शब्द आधीच अडकलाय. पण 'योजणे' हे क्रियापद सोडू नका!! 'या कामासाठी अमक्याला योजलं' म्हणतो तेव्हा त्यात विचार करून ठरवणंही येतं आणि काम सोपवणंही येतं, इंग्रजी शब्दालाही नेमकं हेच दोन्ही म्हणायचंय. शिवाय मराठीत 'करवून घेणे' आहेच, म्हणजे करणारा वेगळा आणि जबाबदारी घेणारा वेगळा. 'स्थानिक गरजेनुसार आरोग्यसेवा योजणे' असं लिहा, आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात सगळा क्रम सांगून टाका.

---

एक भर घालतो, 'नीड्स'ला 'मागणी' करू नका, 'गरजा'च ठेवा. मागणी ज्याला बोलता येतं तो करतो. ज्या वस्तीत दवाखानाच नाही तिथून मागणी शून्य दिसू शकते आणि गरज सगळ्यात मोठी असते. अनुवादात हा फरक पुसला गेला तर वाचणारा उलटंच समजेल.

---

हे फार उपयोगी झालं, माझ्या मसुद्यात चार ठिकाणी 'मागणी' झालंय, ते आजच बदलते. वाक्यात 'योजणे' छान बसतंय, पण तक्त्याच्या मथळ्यात नाम लागतं, तिथे 'सेवा-आयोजन' नको ना? कार्यक्रमाचं आयोजन वाटतं.

---

मथळ्यात 'गरजाधारित सेवायोजना' टाकून बघा, आणि संस्थेला 'कमिशनर' म्हटलं असेल तिथे आयुक्त अजिबात लिहू नका, 'सेवा योजणारी संस्था' लिहा.