मीटिंग रूम घुमते, आणि शेजारच्या केबिनमधलं सगळं ऐकू येतं. काय करावं?

बाणेरकर_८०:
बाणेरला ऑफिसचं फर्निचरचं काम चालू आहे. मीटिंग रूम ६ मी. × ४ मी., उंची ३ मी. रस्त्याकडची बाजू अख्खी काचेची, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर साधं जिप्सम सीलिंग. व्हिडिओ कॉलवर समोरच्यांना आमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू जातो. शिवाय शेजारच्या एचआर केबिनमधली पगाराची बोलणी इकडे शब्द न् शब्द कळतात. कंत्राटदार म्हणतो, भिंतींना १२ मिमीचा पिरॅमिड फोम चिकटवू, दोन्ही प्रश्न सुटतील. जाणकारांनी सांगावं.

नादमापक:
फोमने दुसरा प्रश्न अजिबात सुटणार नाही, पहिला अर्धवट सुटेल. घुमण्यावर आवाज शोषणारा माल लागतो, पलीकडचं थांबवायला जड आणि फट नसलेली भिंत. त्यातून १२ मिमी फोम फक्त वरच्या पट्टीतलं शोषतो. २५०-५०० हर्ट्झच्या आसपासचं घुमणं तसंच राहतं आणि बोलणं दबल्यासारखं वाटतं. साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम भराभर पेटतो, धूरही विषारी. ऑफिसात नकोच.

साबिनच्या सूत्राने हिशोब करा: घुमण्याचा काळ = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण (खोलीतलं सगळं मिळून किती चौ.मी. पूर्ण शोषक पृष्ठभागाइतकं शोषतं ते). घनफळ ७२ घ.मी. टेबल-खुर्च्या धरून शोषण जेमतेम ७ चौ.मी. निघेल, म्हणजे काळ साधारण १.७ सेकंद. कॉलच्या खोलीला ०.६ हवा, त्यासाठी शोषण १९ लागतं. कमी पडणारे १२ भरून काढायला एनआरसी (पडलेल्या आवाजातला किती भाग शोषला जातो तो आकडा) ०.८५ची पॅनेल्स १५ चौ.मी. लागतील.

सगळी वर लावू नका. काच आणि समोरची भिंत यांच्यामध्ये आवाज टाळी वाजवल्यासारखा आपटत राहतो. १० चौ.मी. सीलिंगला, उरलेली काचेसमोरच्या भिंतीवर आणि तिला लागून असलेल्या एका भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला. ५० मिमी रॉकवूल (दगडी तंतूंची गादी), घनता ४८ किलो/घ.मी., मागे ५० मिमी पोकळी. कापड असं घ्या की तोंडाने फुंकर मारली तर आरपार जाईल. इंटिरियरवाले दिसायला बरं म्हणून वर रेक्झिन ताणतात. मग पॅनेलचा खर्च वाया.

कोरडी_भिंत:
+१. एचआर केबिनसाठी आधी सीलिंगमधलं ट्रॅपडोअर (तपासणीची झडप) उघडून टॉर्च मारा. बहुतेक पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशीच संपलेलं असेल आणि आवाज वरून फिरून येत असेल. ते स्लॅबपर्यंत न्या: दोन्ही बाजूंना १२.५ मिमी बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक येऊ न देता, मध्ये ५० मिमी वूल. स्लॅबच्या आणि जमिनीच्या कडेला अकूस्टिक सीलंट. पुट्टी तिथे हमखास तडकते. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जरी फट राहिली, तरी कितीही भारी भिंत २० डेसिबलच्या वर अडवत नाही. त्यामुळे पाठीला पाठ लावलेले स्विच बॉक्स हलवा. दरवाजा भरीव, खाली ड्रॉप सील (दार लागलं की खालची फट बंद करणारी पट्टी).

एक मात्र विसरू नका. एसीची परतीची हवा सीलिंगवरून जात असेल, तर भिंत वर नेल्यावर केबिनमध्ये हवा खेळणार नाही. हवा जावी पण बोलणं जाऊ नये म्हणून आतून शोषक अस्तर लावलेला झेड आकाराचा डक्ट ठेवावा लागतो. एसीवाल्याला आधी विचारा, बोर्ड लागल्यावर नाही.

बाणेरकर_८०:
फारच उपयोगी. बाहेर हॉलमध्ये ४० जण बसतात, तिथेही हीच पॅनेल्स? आणि गणपतीआधी ढोल-ताशांचा सराव चालतो, त्याचं काय?

नादमापक:
हॉलमध्ये आधी सीलिंग शोषक करा. ते कठीण असलं की गलका वाढतो आणि त्यावर मात करायला प्रत्येक जण आणखी मोठ्याने बोलतो. यालाच लोम्बार्ड परिणाम म्हणतात. डेस्कमधले स्क्रीन १.४ मीटरचे घ्या. पण हॉल फार शांत झाला तर चार टेबलांपलीकडचा फोनही स्पष्ट कळतो आणि कामातून लक्ष उडतं. तेव्हा साउंड मास्किंग (बोलणं झाकण्यासाठी स्पीकरमधून सोडलेला एकसारखा मंद आवाज) लागतं, ४०-४५ डीबीए (कानाला जाणवेल तसे मोजलेले डेसिबल), दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत. मीटिंग रूममध्ये ते नको.

ढोलासाठी आतली पॅनेल्स निरुपयोगी. सरकत्या खिडक्या बदलून गॅस्केटवाल्या उघडझापीच्या करा, आत १०० मिमी अंतरावर लॅमिनेटेड काचेचं दुसरं तावदान. ताशा बराच कमी होईल. ढोलाचा ठोका खालच्या पट्टीतला, तो थोडा तरी येणारच. त्या दिवसांत महत्त्वाचे कॉल आतल्या बाजूच्या केबिनमध्ये घ्या.