मदत हवी आहे: दोष काढायचे नाहीत, मग चुकणाऱ्याला सांगायचं कसं?

जय ख्रिस्त सर्वांना. मी पुण्यात वडगाव शेरीला राहते. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूलला, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाला, शिकवणारा एक मुलगा हल्ली पितो, एकदा वर्गावरही तसाच आला. कमिटीतले काका म्हणतात, काढा त्याला. तरुण संघातली पोरं लगेच बायबलमधलं मत्तय ७:१ पुढे करतात: दोष काढू नका. झालं, विषय संपला!

मला नाही तो संपलेला वाटत. त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात येशू आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढायला सांगतो, पण नंतर भावाचं कुसळ काढायचंच आहे ना? १ करिंथ ५ मध्ये (करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात) प्रेषित पौल बाहेरच्यांचा न्याय देवावर सोडतो, आतल्यांचा मात्र मंडळीवर टाकतो. म्हणजे काका बरोबर? पण मत्तय १८:१५ म्हणतं, चुकणाऱ्या भावाला आधी एकांतात सांगा, आणि या मुलाला तसं अजून कोणी भेटलेलंच नाही. उपासनेनंतर चहा पिताना चर्चा मात्र जोरात.

आधी कोणी बोलावं, पाळकसाहेबांनी की माझ्यासारख्या ताईने? तोवर वर्ग काढून घेतला तर तो न्याय करणं झालं, की मुलांची काळजी? तुमच्याकडे असं घडलं असेल तर कसं हाताळलं ते सांगा. नावं नकोत, प्लीज.