नवरदेवाचा सूट विकत घ्यायचा की भाड्यानं आणायचा? आणि पैसे कोणी द्यायचे?

गोदाकाठ (नांदेड)
धाकट्या भावाचं लग्न वैशाखात धरलंय. बस्ता बांधायला जायचं ठरलं आणि घरात नवरदेवाच्या सुटावर गाडी अडली. भावाला थ्री-पीस पाहिजे, आईला शेरवानी. मी म्हणायलोय, शेरवानीच करू, पण भाड्यानं आणू. माझं म्हणणं मांडतो, पटत नसेल त्यानं खोडून काढावं.

आपल्याकडं नवरदेवाचे कपडे मुलीकडचे करतात. बस्त्याच्या दिवशी दुकानाच्या गादीवर बसून पसंती करतात वरपक्षाची माणसं, बिल देतो मुलीचा बाप. मग कोणीतरी मामा म्हणतो, "लग्न काय रोज होतं का?" आणि आठ हजारांत भागणारा सूट अठरा हजारांवर जातो. त्या माणसाला चारचौघांत नाही म्हणता येत नाही. तो बाहेर जाऊन कोणाला तरी फोन लावतो, आत येतो आणि "घ्या, घ्या" म्हणतो. हे मी भावकीतल्या लग्नांत बघितलंय आणि मला ते सहन होत नाही. भावाची सासुरवाडी कोरडवाहू आहे. सोयाबीनला काय भाव मिळतो ते इथं कोणाला सांगायची गरज नाही.

म्हणून नवरदेवाचा पोशाख आपल्या पैशानं करावा. आणि खिसा आपला असला तर एका दिवसाच्या कपड्याला भाडंच पुरे. भरजरी शेरवानी लग्नानंतर कोण घालतं? कपाटात पडून जर काळी पडते.

लातूरची_ताई
दादा, पैसे आपण द्यावेत हे शंभर टक्के पटलं. भाड्याचं अजिबात नाही.

लग्नाच्या तिथी सगळ्यांच्या एकच असतात. दाट तिथीला एकेका गावात पाच-पाच मांडव पडतात. चांगल्या मापाची, बऱ्या रंगाची शेरवानी त्या दिवशी सगळ्यांनाच पाहिजे असते. आदल्या दिवशी ती दुसऱ्याच्या अंगावर, तिथून धुवायला, तिथून तुमच्याकडं. मधे काही अडकलं की दुकानदार म्हणतो, "ही नाही, ती घेऊन जा." आमच्या नात्यात असंच झालं. बाह्या मनगटाच्या वर आलेल्या आणि पोरगा सगळ्या फोटोंत हात मागं बांधून उभा.

दुसरं, घरात सुतक पडलं आणि तारीख पुढं गेली तर? ॲडव्हान्स परत मिळेल का? विकत घेतलेला कपडा थांबतो, भाड्याचा थांबत नाही.

आणि मनाचंही सांगते. ज्या कपड्यात पोरगा बोहल्यावर उभा राहतो तो कपडा घरात राहावा असं आईला वाटणारच. ती हौस नाही, माया आहे.

शिलाईकाम_परभणी
मी शिवणारा माणूस, मला कापडाचं बोलू द्या. दोन्हीकडं चुकीचा कपडा निवडायलेत.

स्वस्त तयार कोटात आतलं कॅनव्हास बहुतेक वेळा गरम दाबानं चिकटवलेलं असतं, त्याला फ्युजिंग म्हणतात. तोच कोट भाड्यानं फिरला, वारंवार ड्रायक्लीन झाला, इस्त्रीखाली गेला की गोंद सुटतो आणि छातीवर बारीक फुगे येतात. भाड्याचा कोट घेताना खिडकीपाशी नेऊन छातीचा भाग उजेडात तिरका धरून बघा. फुगे दिसले तर तो घेऊ नका. भरजरी शेरवानीचा टाका उसवला का, काखेतलं अस्तर फाटलं का, हेही तिथंच बघा.

आता वैशाखाचं. पारा चाळिशीच्या वर, लग्न भर दुपारचं. परण्या (लग्नाआधीची नवरदेवाची मिरवणूक) मारुतीला जाऊन येईपर्यंत नवरदेव उन्हात, घोड्यावर, डोक्याला फेटा. त्यात पॉलिस्टरच्या अस्तराचा थ्री-पीस घातला तर पोरगा अक्षतांच्या आधीच चक्कर येऊन बसेल. कॉटन किंवा लिननचा बंदगळा शिवून घ्या, अर्धं अस्तर लावा आणि शिवणीत दाब, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडायला सांगा. दाब असला की पुढं पोट सुटलं तरी कोट उसवून मोठा होतो. भाड्याच्या कोटाला दुकानदार ते करू देणार नाही.

एका_मुलीचा_बाप (बीड)
गोदाकाठ, तुमचा हेतू चांगला आहे, पण एक बाजू राहिली. मी जावयाला सूट केला तो कोणी मागितला म्हणून नाही. माझी लेक ज्या माणसाच्या हातात हात देणार त्याला मी घेतलेल्या कपड्यात बघायचं होतं. तो मान तुम्ही परस्पर काढून घ्यायलात. तुमच्या भावानं भाड्याच्या शेरवानीत मांडवात यावं आणि पाहुण्यांनी "सासऱ्यानं एक पोशाखही केला नाही" म्हणावं, ही नामुष्की कोणाची? तुमची नाही, माझ्यासारख्याची. पैसे वाचवून तुम्ही बोल आमच्यावर आणाल.

गोदाकाठ (नांदेड)
काका, तुमचं दुःख कळतं, म्हणून नीट सांगतो. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 सालचा आहे. मागणी न करता, रीतीप्रमाणे, ऐपतीत बसेल अशी भेट दिली आणि तिची यादी ठेवली तर कायदा आडवा येत नाही. तुमची भेट तशीच असेल. पण बस्त्याच्या गादीवर भेट कुठली आणि मागणी कुठली हे कोण ठरवतं? तोंडानं कोणी मागत नाही, बोटानं दाखवतात. तुम्ही मनानं दिलं, दुसरा बाप कर्ज काढून देतो, आणि दोघांचे कपडे सारखेच दिसतात. पाहुण्यांचा बोल थांबवायचं काम वरपक्षाचं आहे. "पोशाख आम्ही केला, आम्हीच नको म्हणालो" असं माझे वडील मांडवात उभे राहून सांगतील. ते कबूल झालेत.

जालना_भाडेदुकान
भाड्याच्या धंद्यात आहे, म्हणून ताईंना उत्तर. तुमच्या तक्रारी खोट्या नाहीत, पण उपाय आहेत. बुकिंगच्या पावतीवर कपड्याचा नंबर लिहून घ्या, नुसतं "शेरवानी एक" नको. तारीख पुढं गेली तर काय, डिपॉझिट कधी परत, हे त्याच पावतीवर. ट्रायल मोजडी घालून करा, लांबी तेव्हाच कळते.

एक कळकळीची विनंती. शेरवानीला हळद लागली तर साबण लावू नका, डाग लाल होतो. तसाच आणून द्या.

ज्या घरात पाच-सहा हजारसुद्धा जड आहेत त्या घरचा पोरगाही त्या दिवशी राजासारखा दिसतो, ते भाड्यामुळंच. ते कमी लेखू नका.

खाम_नदी (छत्रपती संभाजीनगर)
शेरवानी आपल्याला नवी नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि तिथं वकील, मास्तर, अंमलदार शेरवानी घालून कामावर जायचे. साधी, एका रंगाची, नेहमी वापरायची. खडे आणि जर नंतर आली. साधी शिवली तर पुढंही घालता येते. किंवा आमच्याकडचं हिमरू कापड बघा, सुती ताणा (उभे धागे) आणि रेशमी बाणा (आडवे धागे). हिमरूचं जाकीट पांढऱ्या कुर्त्यावर घातलं तर नवरदेव उठून दिसतो आणि विणणाऱ्याच्या हाताला काम मिळतं.

लातूरची_ताई
हे पटलं. पण जाकिटावर आई ऐकेल का?

गोदाकाठ (नांदेड)
आईला विचारलं. रंग तिनं निवडायचा, या अटीवर तयार आहे. भाऊ अजून थ्री-पीसवर अडून आहे. परभणीचे दादा, लिननचा बंदगळा शिवायला किती दिवस धरायचे?

शिलाईकाम_परभणी
लग्नसराईत कुठलाच कारागीर मोकळा नसतो. महिनाभर आधी कापड टाका आणि कच्च्या शिलाईवर एक ट्रायल घ्याच. कापड आधी भिजवून आटवून घ्या, लिनन आटतं. भावाला सोबत आणा, त्याला उन्हात दहा मिनिटं दोन्ही कोट घालून उभा करा, मग त्यालाच ठरवू द्या.