गॉगल घातल्यावर मोबाईल काळा का पडतो

गॉगल घालून मोबाईल उभा धरला तर दिसतो, आडवा केला की काळाठिक्कर, म्हणून तुम्ही स्क्रीन बदलायला निघालात. थांबा, स्क्रीन ठणठणीत आहे! एलसीडी या प्रकारच्या स्क्रीनच्या पुढच्या बाजूला पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारी फिल्म असते, त्यामुळे बाहेर येणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो. पोलराइज्ड गॉगल रस्त्यावरची, पाण्यावरची आडवी चकाकी अडवतो आणि उभ्या दिशेत कंप पावणारा प्रकाश तेवढा सोडतो. स्क्रीनची आणि गॉगलची दिशा काटकोनात आली की संपलं. ४५ अंशांवर साधारण निम्मा प्रकाश मिळतो.

काही जण म्हणतात की ओलेडला, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या स्क्रीनला, हा त्रास नसतो. तसं सरसकट नाही. चित्र उमटवायला ओलेडला पोलरायझर लागत नाही हे खरं, पण बाहेरच्या उजेडाचं प्रतिबिंब मारायला तो बहुतेकदा लावतातच. काही फोनमध्ये त्यावर आणखी एक फिल्म असते, मग फोन कसाही फिरवा, दिसतो. काही प्लॅस्टिकच्या स्क्रीनगार्डवर मात्र इंद्रधनुषी डाग उमटतात. बघायला मजा, मेसेज वाचायला वैताग.

नवा फोन घेताना गॉगल घालूनच जा आणि फोन गोल फिरवून बघा. लोक हसले तर हसू देत. आहे तोच वापरायचा असेल तर मान जरा कलती केली तरी भागतं.