नानांचा रिपोर्ट आणि आत्याचा

नाना: सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट आला. प्लेटलेट्स ४८ हजार!

दादा: दीड लाख तरी हव्यात. बॅग भरतो, ॲडमिट करू.

ताई: दादा, जरा थांब. नाना, अंगावर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, शौचाला काळं, ताप?

नाना: काही नाही. ठणठणीत आहे. म्हणजे रिपोर्ट उघडेपर्यंत होतो.

ताई: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी?

नाना: १३.८ आणि ६,२००.

ताई: दोन्ही छान. मग आधी आकडा खरा आहे का ते बघू. जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काहींच्या प्लेटलेट्स त्यातच एकमेकींना चिकटतात आणि मशीनला तो घोळका मोजता येत नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेट बल्बमध्ये पुन्हा रक्त द्या, स्मिअरही, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखालीही, बघायला सांगा.

आत्या: हुश्श! माझा पण टाकते, गेल्या आठवड्यातला. हिमोग्लोबिन ८.१, पांढऱ्या ३,१००, प्लेटलेट्स ९८ हजार, एमसीव्ही ११८. थकवा असतो, पण वय झालं आता.

ताई: आत्या, हा आठवडाभर ड्रॉवरमध्ये होता??

आत्या: अगं, नानांइतका वाईट एकही आकडा नाही त्यात!

ताई: नानांचं एकच काउंट कमी, तुझी तिन्ही. म्हणजे बोनमॅरोत (हाडांच्या आतल्या मगजात) पेशी नीट बनत नाहीत, किंवा बनलेल्या प्लीहेत अडकतायत, नाहीतर बाहेर नष्ट होतायत. एमसीव्ही १०० च्या वर म्हणजे लाल पेशी आकाराने मोठ्या. मेथोट्रेक्सेट वगैरे चालू आहे, संधिवातावर देतात ते? त्यानेही असं होतं.

आत्या: नाही. शुगरची मेटफॉर्मिन ११ वर्षं, आणि ॲसिडिटीची रोजची गोळी.

ताई: पायाला मुंग्या?

आत्या: रात्री येतात. तुला कसं कळलं?

ताई: या दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की बी१२ कमी शोषलं जातं. पण फोनवर निदान करणार नाही मी. बी१२, फोलेट, लिव्हर, थायरॉइड, स्मिअर आणि रेटिक काउंट कर. मॅरो नव्या लाल पेशी सोडतोय का, ते रेटिकवरून कळतं. उत्तर नाही मिळालं किंवा स्मिअरमध्ये ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्च्या पेशी, दिसल्या, तर कमरेच्या हाडातून बोनमॅरो काढून तपासायचा. ॲप्लास्टिक ॲनिमिया, एमडीएस, ल्युकेमिया या मॅरोच्या आजारांचा उलगडा तिथे होतो.

वहिनी: घरात फोलिक ॲसिड आहे, तोवर देऊ?

ताई: अजिबात नको!! बी१२ कमी असताना नुसतं फोलिक दिलं तर हिमोग्लोबिन वर येतं, सगळे खूश होतात, आणि नसा आतून खराब होत राहतात. आधी रक्त, मग गोळी. आणि मध्ये ताप आला तर मला मेसेज करत बसू नका, थेट हॉस्पिटल.

(दुसऱ्या दिवशी)

नाना: निळ्या बल्बमध्ये १ लाख ८६ हजार! स्मिअरच्या रिपोर्टवर ‘प्लेटलेट क्लम्प्स’ लिहिलंय.

दादा: मग बॅग रिकामी करू?

ताई: कर. आत्या, रक्त दिलंस?

आत्या: दिलं. येताना जिन्यात दोनदा बसावं लागलं, छाती धडधडत होती. कालही झालं होतं, सांगायचं राहिलं.

ताई: दादा, बॅग राहू दे. गाडी काढ.